उड्डाणाआधीची तपासणी आणि छोट्या विमानांचे अपघात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या प्रवासी विमानाभोवती उड्डाणाआधी बरीच माणसं वावरत असतात. कुणी इंजिन बघतं, कुणी इंधन मोजतं, कुणी सामानाच्या वजनाचा हिशेब मांडतं, आणि शेवटी दोन वैमानिक एकमेकांच्या कामावर लक्ष ठेवून असतात. एका इंजिनाच्या चार आसनी विमानात ही सगळी कामं एकाच माणसाकडे येतात. त्याच्या नजरेतून जे निसटलं, ते पुढे कुणी पकडणार नसतं. खालच्या उत्तरांत काही मोठ्या विमानांचीही उदाहरणं आली आहेत. चूक तीच असते, पण मोठ्या अपघाताची चौकशी खोलात जाऊन होते आणि नेमकं काय घडलं ते आपल्याला नीट कळतं.

उड्डाणपूर्व तपासणीत नेमकं काय काय येतं?

विमानाभोवतीची फेरी हा तिचा डोळ्यांना दिसणारा भाग. फेरीच्या आधी कागदपत्रं, हवामान, धावपट्टीची लांबी, वजन आणि इंधन यांचा हिशेब येतो. फेरीनंतर इंजिन सुरू करून घेतलेली रन-अप चाचणी, ट्रिम (कंट्रोल्सवर सतत द्यावा लागणारा जोर हलका करणारी रचना), फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली उतरणारे भाग), आणि धावपट्टीवर जाण्याआधी सगळे कंट्रोल्स, म्हणजे विमान वळवणारी आणि चढवणारी-उतरवणारी साधनं, शेवटपर्यंत हलवून पाहणं येतं. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेच्या, दुसऱ्या अॅनेक्समध्येही स्पष्ट म्हटलं आहे की मुख्य वैमानिकाने उड्डाण सुरू करण्याआधी त्या उड्डाणाशी संबंधित सगळी उपलब्ध माहिती करून घेतली पाहिजे. विमान भाड्याचं असो की मित्राचं, ही जबाबदारी त्याच्यावरून हलत नाही.

तपासणी पूर्णपणे टाळणारे वैमानिक खरंच असतात का?

असतात, पण थोडे. अहवालांतून पुन्हा पुन्हा भेटतो तो दुसराच माणूस. त्याने फेरी मारलेली असते, पंखावरून हात फिरवलेला असतो, टायरला पाय लावून पाहिलेला असतो. टाकीचं झाकण मात्र उघडलेलं नसतं, कारण काटा अर्ध्यावर दिसत होता. कंट्रोल्स हलवले असतात, पण ते हलत असताना पंखाकडे बघितलेलं नसतं.

माझ्या मते सगळा घोटाळा 'विमान ठीक आहे ना?' या प्रश्नातच आहे. हा प्रश्न मनात धरून निघालं की डोळे होकार शोधत फिरतात. काल ठीक होतं, आजही तसंच दिसतंय, चला. त्याऐवजी 'आज याचं काहीतरी बिघडलंय, ते काय?' असं धरून निघालं की तीच फेरी वेगळी होते. बिजागरीच्या पिनेवर हात थांबतो. इंजिनाखाली पडलेला तेलाचा थेंब कालचा की आजचा, हा प्रश्न पडतो. मी शिकणाऱ्यांना एवढंच सांगतो की दोष आहेच असं गृहीत धरा, तो सापडला नाही तरच उडा.

चेकलिस्टची पद्धत आली कुठून?

एका अपघातातून. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे चार इंजिनांचं नवं विमान लष्करासमोर उडवून दाखवलं जात होतं. विमान उभं असताना वाऱ्याने कंट्रोल्स आपटू नयेत म्हणून त्यांना लॉक लावतात. ते लॉक काढायचं राहून गेलं. विमान उचललं, नाक वर वर जात राहिलं, वेग मेला आणि ते कोसळलं. चालवणारा मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचा चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर दोघेही दगावले. हे दोघे त्या काळातले अतिशय कसलेले वैमानिक होते. त्यामुळे आणखी कसलेला माणूस आणून प्रश्न सुटणार नव्हता. कामांची यादी कागदावर उतरवायची आणि दरवेळी ती वाचूनच पुढे जायचं, असा तोडगा निघाला. त्याच यादीच्या आधाराने हे विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंच्या संख्येने उडालं.

लॉक काढायला विसरणं ही इतकी जुनी चूक आहे, तर आता ती होत नसेल?

होते. ३१ मे २०१४ च्या रात्री मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डच्या हॅन्सकॉम फील्डवर एक गल्फस्ट्रीम-४ खासगी जेट लॉक लागलेल्या अवस्थेतच धावपट्टीवर धावलं. ते उचललं गेलं नाही, थांबायलाही उशीर झाला, आणि विमानातली सातही माणसं गेली. दोन्ही वैमानिक अनुभवी होते आणि बराच काळ एकत्र उडत होते.

चौकशी करणाऱ्यांनी विमानातल्या रेकॉर्डरवरून याच दोघांची आधीची १७५ उड्डाणं तपासली. त्यांतल्या ९८ टक्के उड्डाणांआधी कंट्रोल्सची पूर्ण तपासणी झालीच नव्हती. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढे वाचवेना. त्या रात्री ते काही विसरले असं म्हणणंही अवघड आहे. त्यांनी नेहमीसारखंच केलं. आधी इतक्या वेळा काही बिघडलं नाही, म्हणून ती सवय त्यांना सुरक्षित वाटत गेली असणार.

छोट्या विमानांत लॉक म्हणजे बहुधा स्टिअरिंगच्या दांड्यातून आरपार घातलेली एक पिन असते. सेसना १७२ मध्ये तिच्यावर लाल पत्रा असतो आणि तो किल्लीच्या जागेवर आडवा येतो, म्हणजे पिन काढल्याशिवाय इंजिन सुरूच करता येऊ नये. आता ही पिन हरवते आणि तिच्या जागी कुणीतरी साधा खिळा किंवा बोल्ट घालतं. खिळ्याला लाल पत्रा नसतो. असा खिळा दिसला तर तो वापरू नका, मूळ पिन मागवा.

'कंट्रोल्स मोकळे आणि बरोबर' यातलं 'बरोबर' म्हणजे काय?

मोकळे म्हणजे कुठेही न अडकता शेवटपर्यंत जाणारे. बरोबर म्हणजे ज्या दिशेला जायला हवं त्याच दिशेला जाणारे. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की डावा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची विमान कलवणारी हलती फळी, वर आणि उजवा खाली गेला पाहिजे. सोपा उपाय असा की अंगठा वर करून स्टिअरिंग धरायचं. अंगठा ज्या बाजूला झुकेल त्या बाजूचा एलेरॉन वर दिसला पाहिजे. आणि तो दिसायला मान वळवून बाहेर बघावं लागतं.

उलट्या दिशेची चूक दुरुस्तीनंतर होते. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमधल्या अल्व्हेर्का इथून मोठ्या दुरुस्तीनंतर निघालेल्या एअर अस्तानाच्या एम्ब्राएर १९० विमानाच्या एलेरॉनच्या केबल चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या. डावीकडे वळवलं की विमान उजवीकडे कलायचं. वैमानिकांनी प्रचंड झगडून ते बेजाच्या तळावर उतरवलं आणि सगळे वाचले. जवळ वेळ, उंची आणि इतके हात असतात तेव्हाच हे जमतं. छोटं विमान जमिनीपासून पन्नास फुटांवर उलटं कलायला लागलं तर विचार करायलाही सवड मिळत नाही.

म्हणून विमान कार्यशाळेतून परत आलं की फेरीला दुप्पट वेळ द्या. ज्या भागाचं काम झालं तो भाग आधी बघा, मग त्याच्या आसपासचा, आणि आतमध्ये एखादं अवजार किंवा फडकं राहिलंय का तेही. मेकॅनिकवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटून काही जण हे टाळतात. चांगला मेकॅनिक स्वतःच सांगतो की एकदा येऊन बघून जा.

ट्रिम चुकीचा असेल तर इतकं काय बिघडतं?

ट्रिम मधोमध किंवा टेकऑफच्या खुणेवर नसेल तर विमान जमीन सोडताच नाक खूप वर, खाली किंवा बाजूला खेचू लागतं, आणि वेग कमी असताना ते ओढून धरणं जड जातं. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी मेलबर्नच्या एसेंडन विमानतळावर दोन इंजिनांचं बीचक्राफ्ट किंग एअर उड्डाणानंतर काही सेकंदांत कोसळलं आणि पाचही जण गेले. रडरचा, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या हलत्या फळीचा, ट्रिम बहुधा पूर्ण डावीकडे होता आणि तो टेकऑफआधी वैमानिकाच्या लक्षात आला नाही, असा ऑस्ट्रेलियाच्या चौकशी यंत्रणेचा निष्कर्ष आहे. ट्रिमचं चाक बघायला एक सेकंद लागतो.

आकाशात इंधन संपतंच कसं? काटा असतो ना समोर?

छोट्या विमानाच्या काट्यावर मी विश्वास ठेवत नाही. टाकी पसरट, आत तरंगणारा फ्लोट जुना, जमीन जरा उतरती असली तरी आकडा बदलतो. टाकीत किती आहे हे कळण्याचा भरवशाचा रस्ता एकच: पंखावर चढून झाकण उघडायचं, त्याच विमानासाठी खुणा केलेली डिपस्टिक बुडवायची आणि आकडा लिहून ठेवायचा. मग हिशेब. ताशी ३५ लिटर लागत असतील आणि टाक्यांत वापरता येण्याजोगे ७० लिटर असतील, तर हातात दोन तास आहेत असं म्हणायचं नाही. त्यातून इंजिन गरम करणं, चढणं, समोरचा वारा आणि राखीव साठा वजा करायचा. अमेरिकी नियमाप्रमाणे डोळ्यांनी बघत करायच्या उड्डाणासाठी दिवसा ३० मिनिटांचं आणि रात्री ४५ मिनिटांचं इंधन उरेल इतकं तरी हवं. ही किमान मर्यादा झाली. मला स्वतःला एक तास उरल्याशिवाय स्वस्थ वाटत नाही.

इथे गायक जॉन डेन्व्हर यांच्या अपघाताची आठवण काढायलाच हवी. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरीच्या किनाऱ्याजवळ त्यांचं लाँग-ईझी हे, आराखड्यावरून स्वतः बांधता येणारं छोटं विमान समुद्रात कोसळलं. ते अनुभवी वैमानिक होते; विमान मात्र नुकतंच घेतलेलं होतं. एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जाण्याची कळ या विमानात बांधणाऱ्याने मूळ आराखड्यातल्या जागेऐवजी वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती, आणि इंधन किती आहे ते मागे वळून किंवा आरशात बघावं लागे. उड्डाणाआधी त्या कळीपर्यंत हात पोचत नाही हे समजलं होतं. पक्कड लावून दांडा लांब करता येतो का तेही बघून झालं होतं. इंधन भरू का असं विचारल्यावर त्यांनी नको म्हटलं, तासभरच उडायचं होतं. हवेत टाकी बदलण्याची वेळ आली. मागे वळून कळ फिरवताना नकळत रडरचं उजवं पेडल दाबलं गेलं आणि विमान हाताबाहेर गेलं, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. उड्डाणाआधी इंधन न भरणं हेही अपघाताचं कारण म्हणून अहवालात नोंदलेलं आहे.

हा अहवाल वाचताना जीव कळवळतो, कारण अडचण जमिनीवरच माहीत झाली होती. टाक्या भरल्या असत्या तर त्या तासाभरात कळीला हात लावायची गरजच बहुधा पडली नसती.

झाकणाबद्दलही सांगायला हवं. पंखाच्या वरच्या बाजूला उड्डाणात हवेचा दाब कमी असतो. झाकण नीट बसलं नसेल किंवा त्याखालचा रबरी वायसर कडक होऊन चिरला असेल, तर इंधन अक्षरशः शोषून बाहेर काढलं जातं. पंखावर झाकणाच्या मागे निळसर डाग दिसले तर वायसर बघा. आणि इंधन भरणाऱ्याने झाकण लावलं असं म्हटलं तरी ते आपल्या हाताने फिरवून बघा.

इंधनात पाणी आहे का हे कसं ओळखायचं?

पिस्टन इंजिनाचं १०० एलएल हे इंधन निळं असतं. टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून थोडं इंधन पारदर्शक कपात काढायचं. पाणी जड, ते तळाशी बुडबुड्यासारखं बसतं आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते.

फसगत होते ती कप पूर्ण पाण्यानेच भरला असेल तेव्हा. मग रेघ कसली दिसणार? सगळं स्वच्छ, नितळ दिसतं आणि माणूस समाधानाने कप रिकामा करतो. म्हणून आधी रंग बघायचा, निळा नसेल तर थांबायचं, वासही घ्यायचा. पाणी निघालं तर ते येणं बंद होईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचं, पंख थोडे हलवून परत एकदा बघायचं. इंधन भरल्यावर लगेच ड्रेन उघडून उपयोग नसतो. पाणी खाली बसायला वेळ द्यावा लागतो. नव्या सेसना १७२ एस ला एकूण १३ ड्रेन आहेत. तेराच्या तेरा उघडायचा कंटाळा येतो हे मान्य, पण पाणी नेमकं कुठल्या कोपऱ्यात साठलंय ते आपल्याला आधी माहीत नसतं.

चुकीचं इंधन भरलं गेलं तर इंजिन सुरूच होणार नाही ना?

दुर्दैवाने होतं. पिस्टन इंजिनाच्या टाकीत जेट इंधन, म्हणजे एक प्रकारचं रॉकेल, गेलं तरी नळ्यांमध्ये आधीचं चांगलं इंधन शिल्लक असतं. त्यावर इंजिन सुरू होतं, विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जातं, रन-अपही व्यवस्थित होते. टेकऑफच्या पूर्ण ताकदीवर, नेमकं वर चढताना, नवं इंधन इंजिनात पोचतं आणि ते ठोके देत बंद पडतं.

हवाई कसरतींसाठी जगभर ओळखले जाणारे बॉब हूवर यांच्या बाबतीत हेच घडलं. त्यांच्या पिस्टन इंजिनाच्या विमानात चुकून जेट इंधन भरलं गेलं, इंजिनं गेली, आणि त्यांनी विमान कसंबसं उतरवून सगळ्यांचे प्राण वाचवले. परत आल्यावर त्यांनी इंधन भरणाऱ्या त्या मुलाला दूर लोटलं नाही; उद्या माझं दुसरं विमान तूच भरायचं, असं सांगितलं. जेट इंधनाच्या नळीला लावायच्या रुंद तोंडाच्या नोझलला पुढे त्यांचंच नाव मिळालं. ती पिस्टन विमानाच्या अरुंद टाकीत शिरतच नाही. तरीही भरताना स्वतः शेजारी उभं राहावं आणि पावतीवर इंधनाचं नाव वाचावं. शंका आली तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका: योग्य इंधन उडून जातं, जेट इंधनाचा तेलकट डाग राहतो.

एवढंसं भोक बुजलं तर विमान पडतं का?

पिटो ट्यूब आणि स्टॅटिक पोर्ट ही ती भोकं. वेग आणि उंची दाखवणारी उपकरणं त्यांच्यावरच चालतात. भोक बुजलं तरी विमान उडत राहतं, पण वैमानिकाला खोटे आकडे दिसू लागतात, आणि ढगात किंवा रात्री तो त्या आकड्यांवरच अवलंबून असतो.

१९९६ या एकाच वर्षात दोन मोठी विमानं अशी गेली. ६ फेब्रुवारीला डॉमिनिकन रिपब्लिकमधून निघालेलं बिर्गनएअरचं बोइंग ७५७ बरेच दिवस पिटोवर टोपी न घालता उभं होतं; एका ट्यूबमध्ये बहुधा कीटकाने मातीचं घर केलं होतं. १८९ माणसं गेली. २ ऑक्टोबरला एअरोपेरूच्या ७५७ चे स्टॅटिक पोर्ट साफसफाईच्या वेळी चिकटपट्टीने झाकले होते आणि ती पट्टी काढायची राहिली. काम करणाऱ्याला ती दिसली नाही, तपासणाऱ्याला दिसली नाही, फेरी मारणाऱ्या वैमानिकालाही दिसली नाही. ७० माणसं गेली.

छोट्या विमानाबाबत दोन गोष्टी पाळा. टोपीला लांब लाल फीत हवी. आणि भोकात काही दिसलं तर तोंडाने फुंकू नका, आतली उपकरणं त्याने खराब होतात, मेकॅनिकला बोलवा. धावपट्टीवर वेग घेताना वेगाचा काटा जिवंत झाला का हे बघायचं आणि तो हलला नाही तर तिथेच थांबायचं. ही शेवटची संधी असते.

पंखावर हलकंसं दंव आहे. वेग घेतला की उडून जाईल ना?

नाही. पॉलिश पेपरइतका खरखरीत थर पंखाच्या पुढच्या आणि वरच्या भागावर असला तरी उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा विरोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. पंख पूर्ण स्वच्छ होईपर्यंत उडायचं नाही. गरम पाणी ओतून मोकळं होऊ नका. ते बिजागरीत गोठून बसतं.

चार आसनं आहेत, म्हणजे चार माणसं चालतील?

बहुतेक चार आसनी विमानांत चार मोठी माणसं, सामान आणि भरलेल्या टाक्या हे तिन्ही एकत्र मावत नाहीत. काहीतरी सोडावं लागतं. एकूण वजनाइतकंच ते कुठे ठेवलंय हेही महत्त्वाचं. मागच्या भागात जास्त वजन गेलं की विमानाचं नाक वर जाऊ पाहतं, आणि वेग मेल्यावर ते खाली आणणं अशक्य होऊन बसतं.

२५ ऑगस्ट २००१ रोजी बहामाजमध्ये मार्श हार्बरहून निघालेलं सेसना ४०२ उड्डाणानंतर लगेच कोसळलं. गायिका आलिया हिच्यासह नऊ जण गेले. विमानात मर्यादेहून जास्त वजन होतं आणि गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेच्या मागे गेला होता.

वजनाचा हिशेब उंचीशी आणि तापमानाशीही बांधलेला आहे. उंचावरच्या धावपट्टीवर आणि उन्हाळ्याच्या दुपारी हवा विरळ असते. इंजिन, प्रोपेलर आणि पंख तिघंही कमी काम करतात. ११ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेतल्या शायेन या सहा हजार फुटांहून उंच विमानतळावरून एक सेसना १७७ वादळी हवेत निघालं. आत सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक होते; तिघंही गेले. जादा वजन, न सरावलेली विरळ हवा आणि बिघडतं हवामान या तिन्हींचा उल्लेख चौकशीच्या निष्कर्षात आहे. यातली प्रत्येक गोष्ट जमिनीवर, कागदावर दिसण्यासारखी होती.

माणसांना वजन विचारायचा संकोच वाटतो. काटा आणा आणि बॅगांसकट उभं करा.

इंजिनाच्या बाबतीत बाहेरून काय कळतं?

पुष्कळ. तेल किती आहे, आणि काल होतं तितकंच आहे का. प्रोपेलरच्या कडेला खडा लागून खाच पडली आहे का. बोटाने चाचपून बघा, कारण अशा खाचेतून तडा जातो आणि पात्याचा तुकडा उडू शकतो. काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, तोंडातून टॉर्च मारून बघा. पक्षी काही तासांत तिथे घरटं करतात आणि तापलेल्या इंजिनावरचं वाळकं गवत पेट घेतं. सकाळी काढलेलं घरटं दुपारी परत दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

प्रोपेलरला हात लावताना एक कायम लक्षात असू द्या: किल्ली बंद असली तरी इंजिन जिवंत असू शकतं. मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र, बंद होतो तो एका तारेमार्फत इंजिनाच्या धातूला जोडला जाऊन. ती तार तुटली तर किल्ली 'बंद'वर असूनही मॅग्नेटो ठिणगी देतो. पातं सहज फिरवायला गेलेल्यांचे हात आणि जीव यात गेले आहेत.

रन-अपमध्ये एकेक मॅग्नेटो बंद करून फेरे किती घटतात ते बघतात. फेरे अजिबातच घटले नाहीत तर काहींना आनंद होतो. खरं तर ते तार तुटल्याचं लक्षण असू शकतं.

कार्बन मोनॉक्साइडचा तपासणीशी काय संबंध?

अनेक छोट्या विमानांत केबिनची ऊब एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातून येते. एक्झॉस्टला तडा गेला की विषारी वायू थेट केबिनमध्ये. त्याला वास नाही, रंग नाही. २१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना घेऊन निघालेलं पायपर मालिबू इंग्लिश खाडीत कोसळलं. त्यांच्या रक्तात या वायूचं प्रमाण ५८ टक्के आढळलं आणि वैमानिकावरही त्याचा परिणाम झाला असावा, असं ब्रिटिश चौकशीने म्हटलं. विमानात आवाज करून इशारा देणारा डिटेक्टर नव्हता. एक्झॉस्टच्या सांध्यांवर राखाडी-पांढरट काजळी दिसते का ते बघा, आणि आवाज करणारा डिटेक्टर बसवा. रंग बदलणारी टिकली पुरेशी नाही, कारण गुंगी आलेल्या माणसाचं लक्ष तिच्याकडे जात नाही.

फेरी चालू असताना कुणी बोलायला आलं तर?

बोला, पण मग फेरी पहिल्यापासून सुरू करा. फोन आला, इंधनवाला आला, सहप्रवाशाने बॅग कुठे ठेवू असं विचारलं, की माणूस 'कुठवर आलो होतो' हे आठवायचा प्रयत्न करतो आणि जे करणार होता ते केल्याचं त्याला आठवतं. टो-बार, म्हणजे विमान हाताने ओढायचा दांडा, नाकाच्या चाकाला तसाच राहतो, एका पंखाची दोरी सुटत नाही, तेलाचं झाकण अर्धं फिरवलेलं असतं. यामागे निष्काळजीपणा नसतो, स्मरणशक्तीच अशी चालते. म्हणून हातातली वस्तू खिशात जाऊ देऊ नका; टो-बार एक तर चाकाला असेल किंवा सामानाच्या कप्प्यात, अधेमधे कुठेही नाही. आणि बसण्याआधी चार पावलं मागे जाऊन पूर्ण विमान एकदा लांबून बघा. जवळून न दिसलेलं लांबून दिसतं.

उड्डाणात दरवाजा उघडला तर?

बहुतेक छोटी विमानं अर्धवट उघड्या दरवाज्यानेही उडतात. जीव जातो तो दरवाजा ओढायच्या नादात विमान उडवायचं राहिल्यामुळे. विमान सरळ ठेवा, परत येऊन उतरा. आसनही तपासा: रुळावर खिळ नीट बसली नाही तर टेकऑफला आसन मागे सरकतं आणि वैमानिक स्टिअरिंग धरूनच मागे जातो.

आणि वैमानिकाची तपासणी?

झोप किती झाली, कुठली गोळी घेतली, घरी भांडण झालंय का, कालची दारू उतरली का. सर्दीची साधी गोळीही गुंगी आणते. यासाठी कुठला ड्रेन नाही की डिपस्टिक नाही, त्यामुळे सगळ्यात जास्त टाळली जाते ती हीच तपासणी.

दोष सापडला, पण लोक वाट बघताहेत. काय करावं?

दोष विमानाच्या पुस्तिकेच्या मर्यादेत बसत नसेल तर उड्डाण नाही. खरी अडचण सीमारेषेवरच्या दोषांची असते, जिथे 'बहुधा चालेल' असं मन म्हणतं. अशा वेळी मी एक गोष्ट करतो: हाच दोष दुसऱ्या वैमानिकाच्या विमानात असता आणि त्यात माझी मुलं बसणार असती, तर मी काय म्हटलं असतं? उत्तर लगेच येतं. उड्डाणाची वेळ ठरवतानाच तपासणीसाठी पाऊण तास धरून ठेवला तर हे ऐनवेळचं ओझं बरंच हलकं होतं.

मी फक्त प्रवासी आहे. मला काय करता येईल?

स्वतःचं आणि बॅगेचं खरं वजन सांगा. प्रोपेलर पुढे असलेल्या विमानाकडे नेहमी पंखाच्या मागून जा. इंधन किती आहे आणि किती वेळ पुरेल हे बिनधास्त विचारा; चांगल्या वैमानिकाला राग येत नाही, त्याच्याकडे आकडा तयार असतो. तो फेरी मारत असताना त्याच्याशी बोलू नका. उशीर झाला, उद्या जावं लागलं तरी हरकत नाही, हे त्याला आवर्जून सांगा, आणि तेही त्याने फेरी सुरू करण्याआधी. मध्येच सांगितलंत तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.